आमच्या घरचं एक मत

मुलीच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे. लहान राष्ट्राने मोठ्या संघातून बाहेर पडून स्वतंत्र व्हावं का, असा विषय आहे. कोणती बाजू मिळणार हे आयत्या वेळी कळेल, म्हणून दोन्ही बाजू तयार करून या, असं बाईंनी सांगितलं आहे. गेल्या शनिवारी इथे कतारमध्ये, अल वक्रातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवता जेवता तिने वही उघडली आणि विचारलं, "बाबा, व्हॉट डू यू थिंक?" तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते इंग्रजीतच.

मी घास चावत राहिलो. याच प्रश्नावर मी एकदा मत देऊन बसलो होतो. ते मत माझं नव्हतं, ही खरी अडचण होती.

ती पोटात होती त्या वर्षी आम्ही दुखानला राहायचो. दुखान म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं तेलक्षेत्र. दोह्याहून एक सरळ रस्ता निघतो, दोन्ही बाजूंना वाळू आणि खडी, आणि रस्ता संपतो तिथे कंपनीची वसाहत. एकसारखी घरं, एक दुकान, एक दवाखाना आणि भोवती कुंपण. स्वतःची गाडी नसेल तर माणूस तिथून हलू शकत नाही. माझ्याकडे गाडी नव्हती. आठवड्यातून एकदा कंपनीची बस दोह्याला जायची. बायको पहिल्या महिन्यात त्या बसची वाट बघायची. पुढे पुढे तिने वाट बघणं सोडलं.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. नगरपरिषदेच्या शाळेत शिकलो, अमरावतीला इंजिनिअर झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मला जे मिळालं ते कुणीतरी दिलं म्हणून मिळालं, असं मला कायम वाटत आलं आहे, आणि ते बरंचसं खरंही आहे. कॉलेजचा फॉर्म एका शिक्षकांनी स्वतः स्टँडवर जाऊन एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवला, तारीख चुकू नये म्हणून. दुखानला मी आधी एका ठेकेदाराच्या माणसांत होतो, चौघांच्या खोलीत. तिथून मला कंपनीच्या नोकरीत घेतलं ते आमच्या साहेबांनी. बायकोला आणता यावं म्हणून मला फॅमिली स्टेटस मिळवून दिलं, तेही त्यांनीच. त्यासाठी ते तीन वेळा दोह्याच्या ऑफिसात गेले होते. मी एकदाही मागितलं नव्हतं.

साहेब स्कॉटलंडचे. साठीला आलेले, लाल तोंडाचे, उंच. ॲबर्डीनच्या उत्तरेला समुद्राकाठी त्यांचं गाव होतं. तरुणपणी तिकडच्या समुद्रातल्या तेलावर काम करून मग ते आखातात आले होते. सगळ्यांनी आपल्याला नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह असायचा. मी पहिल्या दिवशी "येस सर" म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "सर माझ्या शाळेत होते. ते छडीने मारायचे. मला नावाने हाक मार." मी म्हणालो, "येस सर." हा किस्सा ऑफिसात वर्षभर चालला.

त्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडचं मतदान होतं. ब्रिटनबरोबर राहायचं असेल तर नकार, वेगळं राष्ट्र व्हायचं असेल तर होकार. साहेबांच्या टेबलावर पेनांच्या कपात एक छोटा निळा-पांढरा झेंडा आला. ते एरवी कमी बोलायचे, पण त्या दिवसांत चहाच्या वेळी बोलत राहायचे. तेल आमच्या समुद्रातलं आणि त्याचा निर्णय मात्र दूर लंडनला, असं ते म्हणायचे. आम्ही कुणाला निवडून द्यायचं ते देतो आणि राज्य दुसरंच कुणीतरी करतं. एकदा त्यांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर पाइपलाइनी होत्या आणि उन्हाने पांढरं पडलेलं आकाश. "हा देश बघ," ते म्हणाले. "इंग्रज इथून जायला निघाले तेव्हा शेजाऱ्यांबरोबर एकाच संघात जायचं चाललं होतं. हे म्हणाले, नको. तेव्हा यांच्याकडे किती माणसं होती? तुझ्या गावात असतील तेवढी."

मी मान डोलावली. मग मला वाटलं, आपणही काहीतरी सांगावं. मी सांगितलं की माझ्या भागातही अशी मागणी आहे. वेगळं राष्ट्र नाही, वेगळं राज्य. लहानपणी आमच्या स्टँडच्या भिंतीवर "वेगळा विदर्भ" असं हातभर अक्षरांत रंगवलेलं असायचं. पावसाने ते फिकं व्हायचं, की निवडणुकीआधी पुन्हा रंग लागायचा. साहेब पुढे झुकले. "आणि तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गावात एक बाजू शिक्षक बोलायचे, दुसरी बाजू वडील. शिक्षक म्हणायचे की आपला कापूस आणि आपली वीज जाते आणि आपल्याला रस्तेसुद्धा मिळत नाहीत. वडील म्हणायचे, "वेगळं झाल्यावर जिनिंगमदी मजुरी वाढीन काय? नाई ना? मंग बसा गुमान." मला दोघांचंही पटायचं. साहेबांना मात्र मी म्हणालो, "वेगळं व्हावं असं वाटतं, सर." ते खूश झाले. मी म्हणालोच होतो ते त्यासाठी.

माझा धाकटा भाऊ तेव्हा ॲबर्डीनला शिकत होता. तेलाचाच विषय. जाऊन वर्ष होत आलं होतं. एक दिवस त्याने व्हिडिओ कॉलवर एक कार्ड दाखवलं. तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांनाही या मतदानात मत होतं, आणि त्याचं नाव यादीत आलं होतं. तो हसत सुटला होता. "दादा, पाह्य. वाशीमचं पोट्टं आता इंग्लंडचे दोन तुकडे करते का नाई!"

दुसऱ्या दिवशी चहाला मी ही गंमत साहेबांना सांगितली. मी खरंच गंमत म्हणून सांगितली. साहेब कप हातात धरून थांबले.

"त्याला मत आहे?"

"येस सर. कार्ड आलं."

"तो तिथे किती दिवस आहे?"

"अकरा महिने, सर."

मग मला कळलं, जे आधीच कळायला हवं होतं. साहेबांना मत नव्हतं. तिथे जन्म झाला, आईवडील तिथल्या मातीत पुरले, घर तिथे, पण राहणं कतारला. मतदान तिथे राहणाऱ्यांचं होतं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते घडत होतं आणि ते दुखानला पाइपलाइनीतले दाब तपासत बसले होते.

ऑफिसचा क्लार्क, केरळचा, सगळ्यांच्या रजेचे कागद त्याच्याकडे असायचे, तो स्टेपलरशी खेळत होता. मला साहेबांचा तो चेहरा बघवेना. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नव्हतो.

"सर, आमच्या घरचं एक मत आहे तिथे. ते तुमचं."

आमच्याकडे असंच असतं, हे इथे सांगायला हवं. नगरपरिषदेच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतो तेव्हा तो मतदाराशी बोलत नाही, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलतो. वडील उंबऱ्यात उभे राहून सांगायचे, "आपल्या घरचे पाच मतं, भाऊ. काळजी करू नका." आई आत स्वयंपाक करत असायची. तिला कुणी विचारायचं नाही आणि तिलाही त्यात काही वाटत नसे. दिलेला शब्द वडिलांनी कधी मोडला नाही, त्याचा त्यांना अभिमान होता. पाच मतं म्हणजे पाच. मी पहिल्यांदा मत टाकायला गेलो तेव्हा शाईचं बोट घेऊन बाहेर आलो आणि वडिलांना म्हणालो, "टाकलं." कुणाला, हे सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी कप ठेवला, उठले आणि माझा हात हातात घेऊन हलवला. बराच वेळ. त्यांचे डोळे ओले झाले होते असं मला वाटलं. ते गेल्यावर क्लार्क म्हणाला, "क्या भाई, भाई का वोट बाँट दिया? उससे पूछा?"

"माझा भाऊ आहे तो," मी म्हणालो.

"इसीलिए पूछा," तो म्हणाला आणि स्टेपलर ड्रॉवरमध्ये टाकला.

बाळंतपणाची तारीख डिसेंबरात होती. बायको ऑक्टोबरात माहेरी अकोल्याला जाणार होती आणि मी नोव्हेंबरच्या शेवटी. माझा रजेचा अर्ज त्याच आठवड्यात साहेबांकडे गेला. तेव्हा इथे कंपनीच्या परवान्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नसे. पासपोर्ट माझ्याच कपाटात होता, पण साहेबांची सही, मग ऑफिसचा परवाना, मग विमानतळ, असा तो क्रम होता. अर्ज टेबलावर गेला आणि परत आला नाही. एरवी दोन दिवसांत यायचा. मी क्लार्कला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची भीती वाटायची.

भावाला मी फोनवर सांगितलं. अगदी सहज सांगितल्यासारखं. "मतदानाचं, साहेबांना मी शब्द देलाय. होकारावर टाकजो."

तो आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाही.

"दादा, तू काहून शब्द देला?"

"अरे, त्या माणसानं आपल्यासाठी किती केलं."

"तुह्यासाठी केलं. मस्त केलं. त्याले पेढे दे."

"तुले तरी काय फरक पडते? दोनातलं एक टाकायचंच आहे."

"फरक पडत नसता तं तू फोन केला असता काय?" तो म्हणाला. "दादा, मत गुप्त असते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून तूच मले पाठ करून घेतलं होतं. सातवीत. विसरला काय?"

मी विसरलो नव्हतो. रॉकेलच्या वासाची ती स्वयंपाकघरातली जागा, त्याचं पाठांतर आणि मी विचारलेले प्रश्न, सगळं आठवत होतं. गुप्त मतदान पद्धती म्हणजे काय, दोन गुण.

तो म्हणाला की तो अजून ठरवतोय. तिकडच्या सभांना जातोय. वेगळं झाल्यास परदेशी मुलांना शिकून झाल्यावर काम करायला राहू देऊ, असं होकारवाले सांगत होते, म्हणजे त्याचा स्वतःचा फायदा तिकडेच होता. पण त्याच्या घरमालकीणबाई, ज्या त्याला रविवारी जेवायला बोलवायच्या, त्या रडत म्हणाल्या होत्या की माझा मुलगा लंडनला आहे, तो उद्यापासून परदेशी होणार का? "मले दोन्ही खरं वाटते," तो म्हणाला. "म्हणून तं इचार करून रायलो. गावात आपल्याले कोनी इचार करू देला? पहिल्यांदा करून रायलो, तं तू मधात आला."

मी त्यावर गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी वडिलांना फोन केला.

वडिलांना हे मतदान म्हणजे नेमकं काय ते समजायला वेळ लागला. "इंग्रजायच्या भांडनात आपलं पोट्टं कसं?" त्यांनी तीनदा विचारलं. पण साहेबाने सही करायची आहे, रजा अडकली आहे, सून बाळंत होणार आहे, एवढं त्यांना बरोबर समजलं. अर्ज अडकला आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी त्यांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "साहेबानं मांगलं ना? मंग देऊन टाकायचं. एका मतानं काय आपलं घर पडते?" त्या दिवशी त्यांनी भावाला फोन केला आणि शब्द म्हणजे काय ते त्याला ऐकवलं.

भावाने मला एक मेसेज पाठवला. "बाबांना मधे आणलंस." त्यानंतर तीन आठवडे त्याचा फोन नाही.

दुखानचा सप्टेंबर वाईट असतो. ऊन कमी होत नाही आणि समुद्रावरून दमट हवा येते, चष्म्यावर वाफ बसते. घरातून निघालं की कंपनीची गाडी, गाडीतून उतरलं की केबिन, केबिनमधून पुन्हा घर. साहेब रोज सकाळी विचारायचे, "भाऊ काय म्हणतो?" आणि मी म्हणायचो, "ठीक आहे, सर." ते पाठीवर थाप मारायचे. त्या थापेची मला धास्ती बसली. मी चहाची वेळ टाळायला लागलो. मग वाटायचं, टाळतोय हे त्यांच्या लक्षात येईल, की पुन्हा जाऊन बसायचो.

घरी बायको पाय वर घेऊन बसलेली असायची. सहावा संपत आला होता. एकदा ती म्हणाली, "तुम्हाला साहेबांना मत द्यायचंच आहे तर तुमचं द्या ना. त्याचं काहून देता?"

"माझं मत कुठे आहे?"

तिने बोटांवर मोजून आठवलं. माझं मत गावच्या यादीत होतं. ते टाकायला गावी जावं लागतं, आणि तिथे जायला साहेबांची सही. सहा वर्षांत मी एकही मत टाकलं नव्हतं. साहेबांना मत नाही, मला मत नाही, आणि आम्ही दोघं मिळून त्या पोराच्या एका मतामागे लागलो होतो.

"मग सांगा त्यांना, माझं चुकलं म्हणून," ती म्हणाली.

"आणि सही?"

ती पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मी एकटी जाईन अकोल्याला," ती म्हणाली. "बाळंतपण एकटी काढीन. तुम्ही शब्द सांभाळा."

मतदान गुरुवारी झालं. भावाने एक फोटो पाठवला. एका शाळेची दगडी इमारत, दारात पाटी, आणि बाहेर खांबाला बांधलेला कुणाचा तरी कुत्रा. खाली एकच शब्द, "टाकलं." तो शब्द मी किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. वडिलांना मी जो शब्द सांगितला होता तोच, पण या शब्दातून मला काहीच कळत नव्हतं.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी सकाळीच निकाल आला. नकार जिंकला. रविवारी साहेब ऑफिसात आले तेव्हा पेनांच्या कपात झेंडा नव्हता. चहाच्या वेळी ते माझ्यासमोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्याने टाकलं ना?"

"येस सर."

"होकाराला?"

"येस सर," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मग माझं एक मत पेटीत गेलं. ते तरी गेलं." खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं. मग म्हणाले, "ऑक्टोबरात मी घरी जातोय. ॲबर्डीनला थांबून तुझ्या भावाशी हात मिळवणार आहे. पत्ता दे."

मी पत्ता दिला. न देण्याचं कारण मला सुचलं नाही. रजेच्या अर्जाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

भावाला फोन लावला. त्याने उचलला. मी त्याला सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही.

"दादा, तुले काय पाहिजे?"

"तू फक्त हो म्हण. कॉफी प्यायची, हो म्हणायचं, खलास."

"मी खोटं बोलनार नाई."

"म्हणजे तू नकाराला टाकलं?"

"पाह्य, लागला पुन्हा! खोटं बोलनार नाई म्हनलं. काय टाकलं ते म्हनलं काय?" मग तो थोडा मऊ झाला. "वहिनी कशी आहे?" त्याने विचारलं.

साहेब गेले. दोन आठवडे त्यांच्या खुर्चीत दुसरा माणूस होता. बायको अकोल्याला गेली. मी विमानतळावर काचेच्या अलीकडून हात केला. घरी आलो तेव्हा तिने पंधरा दिवसांच्या पोळ्या करून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या दिसल्या, प्रत्येक पिशवीवर वार लिहिलेला. मी हिशेब मांडायचो की साहेब परत आल्यावर काय काय होईल. फॅमिली स्टेटस काढून घेतील, बदली करतील, सही करणार नाहीत. त्यांनी आजवर कुणाशीही असं केलं नव्हतं. तरी मी मांडायचो.

ते परत आले त्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. मी उभाच राहिलो. त्यांनी बस म्हणून खूण केली.

"तुझ्या भावाला भेटलो," ते म्हणाले. "त्याने मला डाळभात खाऊ घातला. फार तिखट."

"येस सर."

"मी त्याचे आभार मानले. तो म्हणाला, माझ्या भावाने तुम्हाला जे दिलं ते त्याचं नव्हतं. त्याबद्दल मी माफी मागतो. पण माझं मत मी सांगणार नाही. भावालाही सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही."

मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. तिथे सनमायकाचा तुकडा उडालेला होता.

"सर, मी खोटं..."

"हो, बोललास," ते म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलले. "जन्मभर मी म्हणत आलो की आमच्या वतीने दुसऱ्याने ठरवू नये. आणि तू त्याचं मत मला दिलंस तेव्हा मी ते घेतलं. त्याला विचारलंस का, असं क्लार्कने तुला विचारलं होतं, ते त्याने मला नंतर सांगितलं. मी नाही विचारलं." ते थोडं हसले. "तुझा भाऊ माझ्याच बाजूचा निघाला."

"म्हणजे होकाराला टाकलं, सर?"

"ते त्याने सांगितलं नाही म्हटलं ना!" ते ओरडलेच, पण रागाने नाही. मग म्हणाले, "आणि तुझा रजेचा कागद तू अजून नेला का नाहीस?"

मी क्लार्ककडे गेलो. त्याने ड्रॉवर उघडून कागद काढला. सहीखाली तारीख होती. अर्ज दिल्याच्या दुसऱ्याच दिवसाची. दोन महिने तो कागद स्टेपलरखाली पडून होता.

"बोला नहीं?" मी म्हणालो.

"आपने पूछा नहीं," तो म्हणाला. "मैं समझा, आपको मालूम है."

त्या दिवशी मला माझी लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. पण नंतर, बऱ्याच वर्षांनी, आणखी एक गोष्ट लक्षात आली. सही झालेली असणं आणि सहीची गरज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहेब चांगले होते. पण ते चांगले आहेत की नाहीत यावर माझं घरी जाणं अवलंबून होतं, आणि म्हणूनच मी भावाचं मत त्यांच्या हातावर ठेवलं. ते वाईट असते तर कदाचित मी जास्त सरळ वागलो असतो.

पुढे साहेब निवृत्त होऊन गावी गेले. ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या देशांनी कतारच्या सीमा बंद केल्या. दुकानात दुधाचं कपाट एका दिवसात रिकामं झालं. मुलगी अडीच वर्षांची होती. मी रिकाम्या कपाटासमोर उभा होतो तेव्हा मला साहेबांचं खिडकीकडचं बोट आठवलं. या देशातले म्हणाले होते, नको. त्या नको म्हणण्याची किंमत अशीही असते, हे साहेबांनी तेव्हा सांगितलं नव्हतं. चार-सहा दिवसांत तुर्कस्तानचं दूध आलं, पुढे तर गायीच विमानातून आल्या. लोक अभिमानाने सांगायचे. मीही सांगायचो. पण ते पहिले दिवस मी विसरलो नाही.

देश सोडायच्या परवान्याची पद्धत आता गेली. मी नोकरी बदलून दोह्याजवळ आलो, त्यासाठीही कुणाचं पत्र लागलं नाही. तरी आमचं तिघांचं इथलं राहणं माझ्या नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी गेली तर काही आठवड्यांत मुलीची शाळा, मैत्रिणी, वादविवाद, सगळं इथेच ठेवून निघायचं. वरिष्ठांशी बोलताना "येस सर" अजून आधी निघतं आणि विचार मागून येतो. मुलीने विचारलं तेव्हाही मनात पहिलं आलं ते हेच, की तिच्या बाईंना कोणती बाजू आवडेल?

म्हणून मी तिला म्हणालो, "काकाला विचार. तो तिथे होता."

भाऊ अजून ॲबर्डीनलाच आहे, आता तिथलाच नागरिक आहे. तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला आणि सरळ विचारलं, "काका, विच साइड डिड यू व्होट फॉर?"

पलीकडून त्याचं हसू आलं. "तुह्या बाबाले इचार," तो म्हणाला. "माहं मत त्यानं माह्या आधीच देऊन टाकलं होतं."

बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मुलगी माझ्याकडे बघत होती. "व्हॉट डज ही मीन, बाबा?"

मी ताट बाजूला सारलं आणि तिला दुखानपासून सांगायला सुरुवात केली. खोटं बोललो तेही सांगितलं. ती मधे एकदाच बोलली. कागद ड्रॉवरमध्ये होता हे ऐकून म्हणाली, "यू शुड हॅव जस्ट आस्क्ड." मी म्हणालो, हो.

सांगून झाल्यावर तिने पेन उघडलं आणि लिहायला लागली. मी पुढे झुकलो, कोणती बाजू लिहितेय ते बघायला. तिने वर न बघता डावा हात वहीवर आडवा ठेवला.